चौथ्या मजल्यावरची बाळंतिणीची खोली

घराला कुलूप सुभाषनं लावलं. मी ओट्याखाली उभा होतो, हातात काठी आणि पाण्याची बाटली. होळी जवळ आली होती. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, केळीचं शेत बटाईनं दिलं होतं, त्यामुळे मला थांबायला काही निमित्त उरलं नव्हतं. सुभाष माझा मुलगा. बुऱ्हानपुरात बुधवारा भागात त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. त्यानं पिकअप आणली होती. तिच्यात माझी पत्र्याची पेटी, गोधड्या आणि थोडी भांडी चढली. बाज त्यानं चढवू दिली नाही. म्हणाला, "आप्पा, फ्लॅटमधे बाज चांगली दिसत नाही." मी म्हटलं, "बाजेवर झोपायचं असतं, तिच्याकडे बघत बसायचं नसतं." तो हसला, पण बाज खालीच राहिली.

तुम्ही गावातली मंडळी आला होता, मला आठवतं. कोणी म्हणालं, आप्पा आता शहरातले सेठ झाले, गारेगार राहतील. मी काही बोललो नाही म्हणून कोणाला राग आला असेल तर आता सांगतो. मी कुलपाकडे बघत होतो. आम्ही दोघं कुठं निघालो तर कुलूप सुमन लावायची, दोनदा ओढून बघायची, आणि मोटारस्टँडच्या वाटेवरून परत येऊन पुन्हा ओढायची. मी चिडायचो. त्या दिवशी कोणी ओढून बघितलं नाही.

सुमन माझी बायको. गेल्या वर्षीच्या वैशाखात गेली. धूलकोटला लग्नाला गेली होती, भर दुपारी जीपमधे कोंबून परत आली. लू लागली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा ती मला ओळखत नव्हती, भाऊ म्हणून हाक मारत होती. दुसऱ्या दिवशी संपलं. एवढंच लिहितो. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना जास्त सांगावं लागत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहायची सवय नाही. पण यंदाचा उन्हाळा मी कसा काढला ते लिहावंसं वाटलं, गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखे उचलून फ्लॅटात नेलेले आहेत त्यांच्यासाठी.

सुभाषचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. त्याच्यावर गच्ची, मग आभाळ. लिफ्ट आहे, ती कधी चालते कधी नाही. फ्लॅट दिसायला देखणा, फरशीत तोंड दिसतं. पहिल्या दिवशी मी सगळ्या खिडक्या बघून आलो, बैल घेताना दात बघतात तशा. हॉलची खिडकी मावळतीला. दोन्ही झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या मावळतीला. स्वयंपाकघराची एक तेवढी दुसऱ्या बाजूला, पण ती उघडते कुठं, तर चार भिंतींच्या विहिरीत. तिला डक्ट म्हणतात. त्यात सगळ्या घरांचे पाइप आणि एसीचे डबे, गरम हवा फेकणारे. ती खिडकी उघडली की शेजाऱ्याच्या खोलीतली गरमी आपल्या कढईपाशी. सून मंगला ती बंदच ठेवते, तिचं बरोबर आहे. बाकीच्या खिडक्यांना सरकत्या काचा. अर्धी उघडली तर अर्धी झाकलेलीच राहते, आणि जी उघडते तिला मच्छरांची जाळी, जाळीत धूळ.

मी सुभाषला विचारलं, "हवा येते कुठून?"

"खिडकीतून, आप्पा."

"आणि जाते कुठून?"

"जाते कशाला? राहू द्या ना तिला. एवढे पैसे देऊन घेतलाय फ्लॅट."

मलाही हसू आलं. तेव्हा फाल्गुन होता, हसायला परवडत होतं.

आमच्या वडलांनी जन्मभर केळीच्या गाड्या भरल्या. घड रचायला आम्हाला हाताशी घ्यायचे आणि एकच बोलायचे, "मधे वाट ठेव रे." थप्पीत हवेला वाट नाही ठेवली तर माल आतून उबतो. वरून हिरवागार दिसतो, आणि बाजारात उतरवताना मधला घड हातात घेतला तर गरम लागतो, दांडी काळी पडलेली. ऊन न लागताच शिजलेला. वडलांना जाऊन वर्षं झाली. शेतात त्यांची इतकी आठवण झाली नाही जितकी त्या फ्लॅटात झाली.

चैत्र लागला तशी भिंत तापायला लागली. गावची भिंत मातीची, हातभर जाड. दुपारचं ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर आम्ही अंगणात असायचो. इथली भिंत दुपार कलली की पाठ टेकू देत नाही. दिवस मावळला की लोक म्हणतात, चला, आता गार होईल. होत नाही. स्लॅबनं दिवसभर ऊन खाल्लेलं असतं, ते तो मग ओकायला लागतो. हॉलमधे कूलर होता. त्यात पाणी घालायचं काम मी मागून घेतलं. पण दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की थोड्या वेळात घर ओल्या फडक्यासारखं होतं, अंगाला कपडे चिकटतात. मी दार उघडायचो. मंगला लावून घ्यायची. "लोक जिन्यातून बघतात, आप्पा. तुम्ही बनियनवर बसलेले असता."

एके दुपारी ही दोघं घरी नव्हती. मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, म्हटलं हवा खेळू दे. बाहेरची लू अशी आत घुसली की देवापुढची फुलं कागदासारखी वाजायला लागली. मंगला आली, बघितलं, आणि म्हणाली, "हे शेत नाही, आप्पा. खिडकी उघडायलाही वेळ असते." खरं होतं. गावात तरी मी दुपारी खिडकी कधी उघडली होती? ते सगळं सुमन बघायची. कोणतं दार कधी लोटायचं, कुठल्या खिडकीला ओलं पोतं लावायचं. मी शेतातून यायचो तेव्हा घर गार असायचं. मला वाटायचं घर असतंच गार.

त्यात पूजा आली. पूजा माझी नात, सुभाषची मुलगी, इंदूरला दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आली. सुमनचं वर्षश्राद्ध झालं आणि थोड्याच दिवसांत पूजाला मुलगी झाली. दवाखान्यात सगळ्या बायका म्हणाल्या, आजीच परत आली. मंगलानं बाळाच्या कानामागचा तीळ दाखवला. "बघा आप्पा, सासूबाईंना इथंच होता." मी असल्या गोष्टी मानत नाही. पण बघितला. होता.

मंगलानं मागची खोली बाळंतिणीची केली. मंगलाची स्वतःची बाळंतपणं सुमननं केली होती, गावच्या घरात, कारण मंगलाला आई नव्हती. त्यातली एक बारीक गोष्टही ती विसरली नव्हती. खिडकी बंद, फटीत कापड कोंबलेलं. दाराला जाड पडदा. पंखा बंद, वारा लागतो म्हणून. पलंगाखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा. पूजाच्या कानाला फडकं, बाळाला टोपडं, मोजे, वरून दुपट्यात गुंडाळलेलं. एसी शेजारच्या खोलीत होता, त्याचं नाव काढायची सोय नव्हती. "बाळंतिणीला गारवा चढला की जन्मभर सांधे धरतात," मंगला म्हणायची, आणि हे म्हणताना आवाजही सुमनचाच काढायची. ती हे सगळं सुमनसाठी करत होती, मला कळत होतं. काही माणसांचं रडणं डोळ्यांतून होत नाही, हातांतून होतं. मंगला अशी. म्हणून मी पहिले काही दिवस गप्प राहिलो.

पडद्याच्या बाहेर खुर्ची टाकून मी बसायचो. आतून पूजा बोलायची.

"आप्पा, तुम्ही केळीचे ट्रक भरायचे ना? मला पण भरा एखाद्यात. कम से कम हवा तो लगेगी."

"गप पड. बाळ उठेल."

"मम्मीला सांगा ना, मैं पक गई यहाँ."

"तुझी मम्मी ऐकते का माझं?"

"मग आजीला सांगा."

ती थट्टेतच बोलली.

मी मंगलाला सांगून बघितलं. ती पोळ्या लाटत होती, घामानं निथळत होती. मी म्हटलं, "मंगला, त्या खोलीत श्वास पुरत नाही."

"बाळंतिणीची खोली अशीच असते."

"गावचं घर वेगळं होतं."

"खोली ती खोली. सासूबाईंनी माझं केलं तसंच करतेय मी, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही." मग लाटणं थांबवून म्हणाली, "राग येऊ देऊ नका, आप्पा, पण एक विचारते. तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत कधी पाय टाकला होता का?"

नव्हता टाकला. आमच्यात पुरुषमाणूस त्या उंबऱ्याच्या आत जात नाही. पोरं झाली तेव्हाही मी ओट्यावरच होतो. मी उठून कूलरमधे पाणी घालायला गेलो. सुभाषला विचारलं तर तो म्हणायचा, "मंगला बघतेय ना," आणि दुकानात जायचा. दुकानात गल्लीचा गारवा असतो.

आधी बाळ रडायचं तर खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. मग रडणं बारीक झालं. मी ते रोज कान देऊन ऐकत होतो, इंजिनाचा आवाज ऐकावा तसा, आणि रोज ते कमी होत होतं. एके दुपारी थांबलंच. लाइट गेली होती. मंगला पडद्यातून बाहेर येऊन म्हणाली, "बघा, आज किती शांत झोपलीय."

मला त्या शांतपणाची भीती वाटली. मी पडदा बाजूला केला. मंगला म्हणाली, "आप्पा, आत येऊ नका," पण मी गेलो. आतली हवा अंगावर गोधडी पडावी तशी पडली. पूजा भिंतीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले. मी बाळाच्या टोपड्यात बोट घालून बघितलं. तापलेलं आणि कोरडं. टाळू खोल गेलेली. पूजा हळू आवाजात म्हणाली, "सकाळपासून लंगोट ओला झाला नाही, आप्पा. दूध पण ओढत नाही."

असं तापलेलं कोरडं अंग मी एकदा हातानं बघितलं होतं. मी बाळाचे मोजे काढले, टोपडं काढलं, दुपटं सोडलं आणि मंगलाला म्हणालो, "सुमन अशीच लागली होती हाताला."

"बारा दिवस झाले नाहीत," मंगला म्हणाली, "उंबरा कसा ओलांडायचा?" पण हे बोलता बोलताच ती पूजाच्या चपला शोधत होती.

लिफ्ट बंद. पूजा ओल्या टाक्यांनिशी चार मजले भिंत धरून उतरली. बाळ माझ्याजवळ होतं. मी जिना उतरताना माझ्या पायांकडे बघत नव्हतो, बाळाच्या छातीकडे बघत होतो, हलते का म्हणून. सुभाष दुकानातून तसाच धावत आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, मंगलापेक्षा लहानच असेल. तिनं विचारलं, "कितने कपड़े पहनाए थे?" मंगलानं सगळं सांगितलं, शेगडीसकट, काही लपवलं नाही. बाई म्हणाली, "माताजी, बच्ची को ठंड नहीं लगी. बच्ची सूख गई है." मला वाटलं आता ही आरडाओरडा करणार. ती म्हणाली, "मेरी सास ने भी मुझे ऐसे ही बंद किया था. बस, मैं नीचे की मंज़िल पर थी." आणि बाळाला आत घेऊन गेली. सलाईन लावायला त्या एवढ्याशा हातात शीर सापडत नव्हती. मला बघवेना, मी बाहेर बाकावर येऊन बसलो.

थोड्या वेळानं मंगला शेजारी येऊन बसली. पदर तोंडाला लावलेला.

"मी काय चुकवलं, आप्पा? माझ्या दुसऱ्या वेळी तर ऐन वैशाख होता. हीच शेगडी, हीच धुरी. पण मला तिथं झोप लागायची. उताणी पडले की वर टोपल्यातून उजेडाचे ठिपके दिसायचे. रात्री तर एक चांदणी दिसायची. सासूबाई म्हणायच्या, तिच्याकडे बघत पड."

मी म्हटलं, "टोपल्यातून?"

आणि मग मला आठवलं. आमच्या घराला तेव्हा धाबं होतं, म्हणजे मातीचं सपाट छत. धाब्याला वर धूर जायला भोक ठेवतात. दिवसा त्याच्यावर टोपलं पालथं घालायचं, म्हणजे ऊन आणि कचरा आत पडत नाही. मंगला बाळंतीण असताना रोज संध्याकाळी सुमन मला हाक मारायची, वर जा आणि टोपलं काढा. सकाळी पुन्हा, वर जा आणि टोपलं घाला. शेतातून आल्या आल्या चढायला लावते म्हणून मी कुरकुर करायचो. धुराचं भोक आहे, धुरासाठी काढायला सांगत असेल, एवढंच मला वाटायचं. चूल तर त्या खोलीत नव्हतीच, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मंगलानं ती खोली आतून बघितली होती, मी नुसती वरून. मधलं सगळं सुमनला ठाऊक होतं, आणि तिला विचारायची सोय राहिली नव्हती. आम्ही दोघांनी बाकावर बसून ते जोडून बघितलं. खाली शेगडी, खिडकी बंद, म्हणजे अंगावर झोत येत नाही. पण गरम हवा वरच्या भोकातून निघून जाते आणि तेवढी गार हवा दाराखालच्या फटीतून हळूच आत येते. सुमनला वारा नको होता, हवा पाहिजे होती. मंगला म्हणाली, "मला हे त्यांनी सांगितलंच नाही." मी म्हटलं, "मलाही नाही." सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसेल. घरात सगळ्यांना माहीत असतं असं तिला वाटलं असेल.

बाळानं दूध ओढायला सुरुवात केली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली, घर ले जाओ, पण हवा खेळती ठेवा, कपडे कमी ठेवा. घरी न्यायचं म्हणजे कुठं? तोच चौथा मजला. मी म्हटलं, गावी नेऊ. सुभाष म्हणाला, "आप्पा, गावी धाबं आहे कुठं आता? तुम्हीच पत्रे टाकले ना?"

मी विसरलो नव्हतो, पण मनातल्या घराला पत्रे नव्हते. धाबं गळायला लागलं होतं, माती चढवायला माणूस मिळेना, म्हणून सगळं उतरवून पत्रे ठोकले. सुमनलाही बरं वाटलं होतं. वैशाखात पत्र्याखाली कोंबडी बसत नाही, तर बाळंतीण कुठं ठेवणार? ज्या घराच्या नावानं मी फ्लॅटला नावं ठेवत होतो ते घर गावातही उरलं नव्हतं. हे मला दवाखान्याच्या पायरीवर कळलं. सुमन जाऊन वर्ष झालं होतं, आणि आता तिचा तीळ घेऊन आलेली ही पोर कुठं ठेवायची ते मला माहीत नव्हतं.

घरी आलो. मंगलानं आपली एसीची खोली पूजाला दिली. दुपारी ते बरं होतं. पण लाइट गेली की तीच खोली झाकण लावलेल्या डब्यासारखी. रात्री तर लाइटचा भरवसाच नाही.

मग माझं लक्ष जिन्याकडे गेलं. आमच्या दारासमोरून जिना गच्चीवर जातो, वर लोखंडी दार, दाराला सोसायटीचं कुलूप. मी वर जाऊन त्या दारापाशी उभा राहिलो तर डोक्याला झळ लागली. चार मजल्यांची गरमी चढून तिथं अडकलेली. चावी सेक्रेटरी साळुंखे साहेबांकडे. ते तळमजल्यावर राहतात. मूळचे साताऱ्याचे, नेपानगरला कागदाच्या कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले. वय माझ्याएवढंच, पण केस काळे करतात.

मी म्हटलं, "गच्चीचं दार संध्याकाळपासून सकाळपर्यंत उघडं ठेवा."

"का हो आप्पा, पतंग उडवायचा विचार आहे का?"

"गरम हवा जायला."

"हवा जाईल आणि चोर येईल. टाकीत कोणी काही टाकलं तर लोक माझी मान धरतील. तिथं जाळीचं दार करू. मीटिंगमधे ठराव घेऊ."

"मीटिंग कधी?"

"दिवाळीनंतर."

"बाळ तोपर्यंत थांबणार नाही, साहेब."

ते पुन्हा चोराचं काढायला लागले. मी म्हटलं, "मी बसतो त्या दारात. रात्रभर बसतो. म्हाताऱ्याला तसंही दुसरं काम काय?"

त्यांनी आत जाऊन चावी आणली. हातात देताना म्हणाले, "आमची मंडळी पण रात्रभर पदरानं वारा घेत बसते. मला वाटायचं वयामुळे."

त्या संध्याकाळी ऊन गेल्यावर मी गच्चीचं दार उघडलं. मंगलानं मावळतीच्या खिडक्या सरकवल्या, जाळ्या धुऊन घेतल्या होत्या. फ्लॅटचं दार उघडं टाकलं आणि आडोशाला तिथं सुमनचं जुनं सुती लुगडं बांधलं. लगेच काही झालं नाही. मी वर पायरीवर बसलो होतो. मग लुगडं जिन्याच्या बाजूला फुगलं. मागं गेलं, परत फुगलं, आणि तसंच राहिलं. आतून पूजाचा आवाज आला, "मम्मी, देखो ना." मंगला बाहेर आली, लुगड्याला हात न लावता बघत राहिली. मग मला म्हणाली, "पाणी आणून देऊ का वर?"

दिवसाचं मंगलाकडे आलं, रात्रीचं माझ्याकडे. ती ऊन चढायच्या आत खिडक्या लावायची, बाहेरून ओल्या चादरी सोडायची, शेगडी तिनं स्वतःच्या हातानं गॅलरीत नेऊन ठेवली. पूजाचा पलंग हॉलमधे दाराच्या बाजूला घेतला. मी गच्चीच्या दारात सतरंजी टाकून बसायचो आणि मधेमधे खाली उतरून बाळाच्या नाकापाशी बोट धरायचो. पूजा डोळे मिटूनच म्हणायची, "आप्पा, ज़िंदा है. सो जाओ." हळूहळू बाकीच्या घरांचीही दारं उघडी राहायला लागली, कोणाचा पडदा, कोणाची साडी. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की लोकांच्या भाजीचे वास आमच्या घरात येतात. साळुंखे साहेब म्हणाले, "ताई, मग तुम्हीही जरा चांगली भाजी करा."

सगळं साधलं असं समजू नका. ऐन वैशाखात काही रात्री पान हलत नव्हतं. लुगडं नुसतं लोंबत राहायचं. त्या रात्री आम्ही आळीपाळीनं ओल्या फडक्यानं बाळाचे हातपाय पुसले आणि एकमेकांकडे बघितलं नाही. पण ती रडायची, मोठ्यानं रडायची. शेजारी वैतागायचे. मला बँड वाजल्यासारखं वाटायचं.

बारसं उशिरा केलं. मंगलाला नाव सुमन ठेवायचं होतं. मी नको म्हटलं. तीळ असला म्हणून काय झालं, सुमन गेली ती गेली, आणि तिला परत आणायचं काम या पोरीच्या डोक्यावर नको. पूजानं मोबाइलमधून कुठलंसं नाव काढलं, माझ्या जिभेवर ते बसत नाही. मी चिमणी म्हणतो.

सव्वा महिना होऊन गेल्यावर जावई येऊन दोघींना इंदूरला घेऊन गेले. उन्हाळा सरला. सुभाष म्हणाला, "आप्पा, आता गावी जाऊन या थोडे दिवस." मी आलो, तुम्ही बघितलंच. कुलूप उघडलं, घर झाडलं, तुमच्याशी बोललो. केळीच्या बाजूनं गार वारा येत होता. ओट्यावर पाठ टेकली आणि अशी झोप लागली की ऊन तोंडावर आल्यावर जाग आली. तुम्ही म्हणालात, बघा, आपल्या घरी आल्याबरोबर आप्पांना झोप लागली. मी मान हलवली. खरं सांगू का, मला लॉजमधे उठल्यासारखं वाटलं. तिथं कोणाचा श्वास ऐकायचा नव्हता म्हणून झोप लागली होती. दुसऱ्याच दिवशी परत आलो ते म्हणून. तुमच्यावर रुसून नाही.

आता फ्लॅटातच आहे. मंगलाला हल्ली खोकला झालाय, भिंतीपलीकडून ऐकू येतो, आणि मी तो मोजत पडतो. परवा पूजाचा फोन आला. त्यांचा फ्लॅट आठव्या मजल्यावर आहे. मी विचारलं, खिडक्या कोणत्या बाजूला? ती म्हणाली, "पूरी काच है आप्पा, मावळतीला, मस्त व्ह्यू आहे." मी विचारलं, हवा निघून जाते कुठून? ती म्हणाली, बघून सांगते. अजून सांगितलं नाही. चैत्राला पुष्कळ वेळ आहे, तिला वाटतं.

घर कुठलं असं कोणी विचारलं की मी पूर्वी गावाचं नाव सांगायचो. आता चटकन तोंडात येत नाही. इंदूरचा तो आठवा मजला मी अजून पाहिलेला नाही. पण रात्री जाग येते ती तिथल्या भिंतीच्या काळजीनं, म्हणून तेही माझंच घर.